हातचं राखून

२ नोव्हेंबर

पोचले एकदाची. सरहद्दीच्या नाक्यावर शिक्का मारणाऱ्या बाईनं विचारलं, थाई देशात काय काम काढलंस? म्हटलं, मालीश शिकायचीय. ती म्हणाली, तुम्हा लाओ बायकांचा निम्मा जन्म चिकट भाताचे गोळे वळण्यात जातो, तुमचे अंगठे तर आधीच तयार असतात. मी म्हटलं, अंगठे आहेत, अक्कल तेवढी घ्यायला आलेय. ती हसली आणि तीस दिवसांचा शिक्का मारला.

मग दिवसभर बस, घाट, शेजारणीच्या मांडीवरची कोंबडी, आणि तिन्हीसांजेला हे गाव. नान नदीच्या काठी सागवानी खांबांवर उभं घर, खाली हातमाग, अंगणात लोंगनचं झाड. गुरुआई खामपन सत्तरीच्या आहेत. उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण अंगठे कोयत्याच्या मुठीसारखे. त्यांनी माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, हात बरे आहेत, जीभ लांब आहे. मला बाई आवडली.

कशाला आले ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे अंग दुखायला लागलं की वाचता येईल. सात महिन्यांपूर्वी आईच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय, दोन्ही लुळे. आमच्या होंगसा गावच्या दवाखान्यात म्हणाले, आता एवढंच. 'एवढंच' हा शब्द मला लहानपणापासून चालत नाही. गुरुआईंनी अशाच एका नावाड्याला उभं केल्याचं ऐकलं आणि निघाले. आईच्या तोंडून आता दोनच अक्षरं निघतात, "बे... बे..." ती मला हाक असते. मी बेडकी. जन्मलेल्या पोराला असलं काहीतरी नाव ठेवलं की भुतंखेतं म्हणतात, हॅ, बेडूकच तर आहे, आणि पुढे जातात. बुआसोन हे नाव फक्त पासपोर्टाला.

३ नोव्हेंबर

वरच्या माजघरात ओळीनं सहा गाद्या आहेत. पाचांवर रोगी निजतात. पूर्वेच्या खिडकीखालची सहावी नेहमी रिकामी. पांढरी चादर, उशाला मोगऱ्याची माळ. दिवसाचा पहिला रोगी यायच्या आत शिकाऊ बाईनं त्या रिकाम्या गादीला मालीश करायची, जणू कुणी निजलंय. बुद्धाच्या काळच्या आद्य वैद्याची ती सेवा. जेवढं शिकवलं तेवढंच दाबायचं, पायापासून वर. मला हसू आलं. गुरुआईंना आलं नाही. त्या खाली औषधी पुरचुंड्या वाफवायला गेल्या.

हात जोडले, मंत्र पुटपुटला आणि बसले हवा दाबत. डाव्या पावलापासून सुरुवात केली. सात महिने आईचा डावा पाय दाबतेय, हात आपोआप तिकडेच गेले. मनातही आईच होती.

दुपारी एक बसचा ड्रायव्हर कंबर घेऊन आला होता. त्याच्याकडून कळलं की बाईची मालीश डावीकडून सुरू करतात आणि पुरुषाची उजवीकडून. आद्य वैद्य तर पुरुष. झाली चूक. म्हटलं, गादी काय उठून लाथ मारणार आहे? गुरुआईंना सांगितलं नाही, डावाच पाय पुढे चालू ठेवणार.

५ नोव्हेंबर

दिवसभर तळवे, टाचा, घोटे. माझे अंगठे सुजलेत. गुरुआई शिकवतात झकास, पण हातचं राखून. मी दंडाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, हात सगळ्यात शेवटी. ड्रायव्हर डोळा मिचकावून म्हणाला की ते 'शेवटी' त्यानं वीस वर्षांत उजाडलेलं पाहिलं नाही. यांच्या एकाही शिष्येला हात शिकवलेले नाहीत. रोग्याचे हात त्या स्वतः दाबतात, तेही खालमानेनं. बघू. मी आईच्या हातासाठी आलेय, पायावर समाधान मानून जाणाऱ्यातली नाही.

एक गंमत. आज पहाटे रिकाम्या गादीवर अंगठा रोवला तर खाली काहीतरी लागलं. गादीचा कापूस गोळा झाला असणार. पण टाचेसारखा गोल होता.

८ नोव्हेंबर

चुलीतला निखारा उडून माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडला. आधी वास आला, मग मी खाली पाहिलं. दुखलं नाही. आत्ताही दुखत नाही, फोड मात्र भला थोरला आहे.

हे लिहिणार नव्हते, पण संध्याकाळी मानीवन वहिनीचा फोन आला. आईच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. वहिनी ओरडत होती, पोरं ओरडत होती, मागून आईची "बे... बे..." ऐकू येत होती. मी लोंगनच्या झाडाखाली बसून रडले. रडून झाल्यावर हिरव्या मिरचीच्या भाजक्या ठेच्याशी दोन टोपल्या भात खाल्ला.

११ नोव्हेंबर

टाचणी घेऊन पाहिलं. घोट्यापर्यंत काही कळत नाही. पोटरीत मुंग्या. उजवा पाय ठणठणीत.

तिकडे आई घोटा आत ओढते. काल गुडघा वाकवला.

मी येडी नाही, दोन आणि दोन मला कळतात. गादीवर मी रोज जेवढा पाय दाबते, तेवढा माझा जातो आणि तेवढा आईचा जागा होतो. भ्यायला हवं होतं. पण भीती वाटली ती एवढीच, की कुणी मला थांबवेल. आईनं मला पाठीशी बांधून डोंगरातली भातशेती केली, तिच्या पायांवर मी पहिली तीन वर्षं चालले. आता माझ्या एका पायावर ती चालली तर बिघडलं कुठे? कुणी का असेना तिथे, घे म्हणावं. माल फक्त बरोबर पत्त्यावर पोचव.

चादरीखाली काही नाही, उचलून पाहिलं. अंगठ्याखाली मात्र आहे. ऊन आहे.

१४ नोव्हेंबर

लंगडणं लपलं नाही. गुरुआईंनी जिन्यात अडवून विचारलं, पहिल्या दिवशी कुठल्या पायापासून सुरुवात केलीस? सांगितलं. त्या पायरीवरच बसल्या. हातातल्या मोगऱ्याच्या माळेतलं एकेक फूल तोडत राहिल्या. मग म्हणाल्या, उद्यापासून त्या गादीजवळ जायचं नाही.

मी म्हटलं, आई उभी राहीपर्यंत जाणार. का नको ते सांगा, मग विचार करते. एवढंच म्हणाल्या की अर्धी दाबलेली काया धड निजत नाही आणि धड उठत नाही. म्हटलं, मग अर्धी सोडायला तुम्हीच कशाला सांगता? यावर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी कुठल्यातरी जुन्या जखमेवर बोट ठेवलं असावं. शिकवणी बंद केली नाही. का, कोण जाणे.

१७ नोव्हेंबर

आज वाऱ्याचा दरवाजा शिकले. जांघेत जिथे नाडी उडते तिथे तळहात ठेवायचा, अंगाचा भार टाकायचा आणि नाडी बंद पाडायची. बत्तीस मोजायचे. हात उचलला की कोंडलेलं गरम वारं मांडीतून थेट बोटांपर्यंत धावतं. ड्रायव्हर सुखानं घोरायलाच लागला.

बत्तीसच का, तर माणसात बत्तीस जीव राहतात, एकेका जिवाला एकेक आकडा. तेहतीस कुणी मोजत नाही. मी विचारलं, मोजले तर? गुरुआई म्हणाल्या की रोग्याचा तो पाय कायमचा जातो. पुरचुंडी कढईत ठेवता ठेवता पुढे म्हणाल्या, आणि आत बाहेरचं कुणी येऊन राहिलं असेल तर तेही जातं. जाताना घरच्या माणसाच्या आवाजात रडतं, म्हणून कुणाच्यानं मोजवत नाही.

मला हे का सांगितलं?

१८ नोव्हेंबर

रिकाम्या गादीवर आज जांघेपर्यंत. तळहाताखाली नाडी. माझी नाही, माझी मोजून पाहिली, तिची चाल वेगळी आहे. मी बत्तीस मोजून हात उचलला आणि चादर वाऱ्यानं हलावी तशी पायापर्यंत हलली. खिडकी बंद होती.

कमरेखाली माझा डावा पाय आता ओंडका. काठी घेतलीय. काठीला घाबरून होंगसाला परत जाणारी मी नव्हे.

१९ नोव्हेंबर

आई उभी राहिली. भिंत न धरता. वहिनी म्हणते, चुलीपर्यंत चालत आली.

लिहिण्यासारखं दुसरं काही नाही. आई उभी राहिली.

२१ नोव्हेंबर

वहिनीनं फोनवर आईचा चेहरा दाखवला. आई नीट बसली होती, केस विंचरलेले. स्पष्ट बोलली. सात महिन्यांत पहिलं आख्खं वाक्य, आणि ते असं:

"बुआसोन, हाताचं कधी?"

मी म्हटलं, आई, होईल, हातही होईल. मग लक्षात आलं. आई मला बुआसोन म्हणत नाही. माझ्या लग्नातही म्हणाली नव्हती, मंत्र म्हणणाऱ्या म्हाताऱ्यासमोर बेडकी म्हणाली होती आणि सगळा मांडव हसला होता.

वहिनी फोन घेऊन अंगणात गेली आणि हळू आवाजात म्हणाली की माशाचं आंबवण आणलं की आई नाक मुरडते. नातवंडांना ही पोरं कुणाची म्हणून विचारते. दिवसभर गाद्यांच्या चादरी ताणून नीट करते. आणि सकाळी म्हणाली, उंदरीताईनं पाणी उकळायला ठेवलं का बघ. वहिनीनं विचारलं, ही उंदरीताई कोण? आमच्यात तर कुणी नाही. मलाही ठाऊक नाही.

२२ नोव्हेंबर

ठाऊक झालं.

गुरुआईंना सहज विचारलं, उंदरीताई कोण? हातातली पुरचुंडी पडली, कापूर आणि आंबेहळद सगळ्या फळीवर. उंदरी हे त्यांचंच लहानपणचं नाव. त्यांना ताई म्हणणारी एकच होती, धाकटी बहीण सेंगदा.

सगळं त्यांनी भिंतीकडे पाहत सांगितलं. दोघी बापाकडे शिकल्या. सेंगदाचे हात यांच्यापेक्षा चांगले. लोक दारात उभे राहून विचारायचे, धाकटी आहे ना? नसेल तर उद्या येतो. मग सेंगदाच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू. त्याच सहाव्या गादीवर तिला निजवून थोरलीनं रोज मालीश केली, डाव्या पायापासून. पाय जागा झाला. ती चालायला लागली. मग हाताची पाळी आली.

"पाय दिला तिला," गुरुआई म्हणाल्या. "हात हातचा राखला."

रोज म्हणायच्या, उद्या. दारातले लोक आता यांनाच विचारत होते. सेंगदा वर्षभर लुळा हात छातीशी धरून 'उद्या' ऐकत राहिली आणि एका सकाळी, बहिणीनं दिलेल्या त्याच पायानं, नदीत चालत गेली. तेव्हापासून ती गादी रिकामी. गावाला सांगायला आद्य वैद्याची सेवा. रोज उजव्या पायापासून दाबलं की ती निजून राहते. डावीकडून कुणी दाबू नये एवढीच काळजी.

आणि मी आले, आईला मनात धरून, डावीकडून.

मला त्या म्हातारीचा राग आला. भुताचा नाही, हिचा. तिला फसवलंत आणि मलाही. पहिल्या दिवशी दोन शब्द सांगितले असते तर तुमचं काय झिजलं असतं? त्या म्हणाल्या, लाज झिजली असती.

२३ नोव्हेंबर

आज तोडगा सांगितला मी. हात तुम्ही राखलात, तुम्ही द्या. बसा गादीपाशी, दाबा तिचा डावा हात, होऊ दे तुमचा लुळा. सत्तरी झाली. हातानं केलेलं हातानं फेडा.

त्यांनी हात वर केले. दोन्ही तळवे मला दाखवत. म्हणाल्या, हेच तर माझ्याकडे आहेत.

माझ्याकडेही हेच आहेत. पण मी ते एका माणसासाठी आणले, आणि त्या माणसाच्या आत आता दुसरीच कुणी चादरी ताणत बसलीय. ही दावेदार माझा डावा हात मागणार, कारण दाबणारी मी आहे. देणार नाही. सेंगदाबाई, तुझ्यावर अन्याय झाला, मान्य. माझ्या आईनं केला नाही.

गादीकडे गेले नाही. वरून सारखा चादर झटकल्याचा आवाज येतो.

२५ नोव्हेंबर

वहिनीचा फोन. आई घरात नाही. सरहद्दीवरचा बाजार होता, गावच्या बायका भाजी घेऊन नाका ओलांडतात, त्यांच्यात मिसळून गेली. बायकांना म्हणाली, बहिणीकडे चाललेय. आईला बहीण नाही.

वहिनी रडत विचारते, तिला रस्ता कसा माहीत? आई जन्मात सरहद्दीपलीकडे गेलेली नाही.

गुरुआईंनी रोग्यांना परत पाठवलं. मला म्हणाल्या, काठी घे आणि दुपारच्या बसनं जा, ती तुला वाटेत गाठणार नाही. गेले तर काय होईल तेही सांगितलं. माझा पाय गेला तो गेलाच, आणि आई अशीच राहील, चालती, बोलती, दुसऱ्याची.

बस गेली. मी इथेच आहे. माझी आई पडून होती तेव्हा आई होती. दोन अक्षरं बोलायची, पण माझी होती. तिच्या अंगात फिरणाऱ्या परक्या बाईपेक्षा मला पडून राहिलेली माझी आई हवी. तेहतीस मोजायला मला कुणी शिकवायला नको.

२६ नोव्हेंबर, सकाळ

धुकं आहे. नदी दिसत नाही. गुरुआई स्वयंपाकघरात, आतून कडी. मी वर, सहाव्या गादीपाशी. वही सोबत. हातपाय गाळायचे नाहीत — एक पाय तर आधीच गेलाय, त्याची काळजी मिटली —

अंगणात वहाणा काढल्या कुणी. दोन्ही पाय पुसले पायपुसण्याला. आई कधी पुसत नाही.

हाक मारली. उंदरीताई, आले गं. खाली काहीतरी भांडं पडलं. कडी निघाली नाही.

जिना. डावा पाय दमदार. माझा आहे तो.

नंतर

आली. आईचा चेहरा, आईचा झगा, वहिनीनं शिवलेला. माझ्याकडे पाहून गोड हसली. न सांगता सहाव्या गादीवर निजली, पाय सरळ, डोळे मिटून, रोग्यानं निजावं तशी शहाण्यासारखी. डावा हात माझ्या मांडीवर आणून ठेवला, उजव्या हातानं उचलून.

म्हणाली, हाताचं राहिलंय, बुआसोन.

मी म्हटलं, आधी वारं मोकळं करते.

तिच्या डाव्या जांघेत माझा डावा तळहात ठेवलाय. सगळं अंग त्यावर. उजव्या हातानं लिहितेय, नाहीतर आकडे चुकतील. नाडी थांबली. सात. आठ.

डोळे उघडले तिनं. कळलं तिला. हसते आहे.

पंधरा. माझ्या तळव्यात मुंग्या — येऊ देत. हात लुळा पडला तरी भार पडतोच, ओंडक्याचा पडतो तसा.

एकवीस. म्हणते, पाय तुझा तू परत घे, हात फक्त दे. म्हणते, तुझी आई दोन्ही हातांनी तुला कवटाळेल. नाही.

अठ्ठावीस. उंदरीताई म्हणून ओरडतेय. खाली कुणी नाही उठत. बाई गं, तुला तिनंही नाही दिला, मीही नाही. वाईट वाटतं. तरी नाही.

तीस. एकतीस.

बत्तीस —

आवाज बदलला. ओठ वाकडे झाले, डावीकडे, आईचे होतात तसे. डोळ्यांत पाणी. "बे... बे..."

आई?

ठाऊक आहे, रडतं घरच्यासारखं, सांगितलं होतं मला — पण ही अशीच — अगदी अशीच —

आई असशील तर सोस. मी बेडकी आहे, मी इथेच आहे, पाठीवर बांधून नेईन तुला, एका पायानं नेईन. आणि नसशील तर ऐक, नीट ऐक —

तेहतीस. चौ